आलेखाची वही

माझी मुलगी हल्ली जे बंदुकीचे गेम खेळते त्यांत एक मोठी फसवणूक आहे, आणि ती मी तिला दर रविवारी जेवताना ऐकवतो, म्हणून ती कानांत इअरफोन घालूनच पानावर बसते. गोळी लागली की तिचा शिपाई भिंतीमागे जाऊन बसतो, दोन श्वास घेतो, पडद्यावरचं रक्त आपोआप पुसलं जातं आणि गडी पुन्हा ठणठणीत! अरे, ही काय चेष्टा आहे? आमच्या वेळी शिपायाच्या जिवाचे शंभर गुण असायचे, त्यांतले ऐंशी गेले की वीस उरायचे. भिंतीमागे तासभर बसा नाहीतर दिवसभर बसा, विसाचे एकवीस व्हायचे नाहीत. त्या विसावर पुढचा सगळा डाव काढायचा. "बाबा, तुमचे गेम म्हणजे शिक्षा होती," ती म्हणते. असेल बाई. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून मला मागचं सगळंच चांगलं दिसतं असा तिचा आरोप आहे. पण जे सांगणार आहे ते चांगलं नाही, आणि तरी ते मला लख्ख दिसतं.

आम्ही पनवेलला टपाल नाक्यापासून जवळच एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. खालपासून आमच्या दारापर्यंत चोपन्न पायऱ्या, एका मजल्याला अठरा. मला मोजायची खोड होती, अजून आहे. बाबा न्हावा शेव्याला एका ऑफिसात कंटेनरचे कागद रंगवायचे आणि घरी आले की आधी कान धुवायचे, कारण दिवसभर ट्रेलरचे हॉर्न कानांत भरलेले असतात असं त्यांचं म्हणणं. आई घरीच असायची आणि तिचा सगळा जीव माझ्या अक्षरावर होता. रोज शाळेतून आलं की दहा ओळी शुद्धलेखन, मग दूध, आणि खाली तिची सही. "अक्षर म्हणजे माणसाचा चेहरा," म्हणायची. माझा 'ळ' जिलबीसारखा यायचा आणि त्यावरून मी रोज बोलणी खायचो.

समोरच्या दारात चाचींचं बिऱ्हाड. चाचा कुवेतला, वर्षातून एकदा ईदला यायचे. घरात चाची आणि त्यांची मुलगी नाझनीन, बारावी सायन्सला. मी तिला आपा म्हणायचो. दोन दारांच्या मधे एक स्टीलचा डबा सतत फिरता असायचा, झाकणावर चाचींचं नाव कोरलेला. तिकडून सांदणं आली की इकडून अळूवडी जायची, तिकडून वडे आले की इकडून नारळाच्या वड्या. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा दोन्ही घरांचा कायदा होता. एकदा आईकडे घरात काहीच नव्हतं तर तिने मूठभर साखर घालून पाठवली होती, आणि चाचींनी दारातूनच हसत विचारलं होतं, "काय हो वहिनी, कोण पास झालं?"

बंदुकीचा गेम मी विनूदादाच्या सायबर कॅफेत खेळायचो. सहा कॉम्प्युटर, मधे प्लायवूडच्या फळ्या, आणि सगळे एकमेकांना वायरने जोडलेले. तीन पोलीस, तीन अतिरेकी. अतिरेक्यांनी ए किंवा बी या दोन जागांपैकी एकीकडे बॉम्ब ठेवायचा, पोलिसांनी तो वाचवायचा. फळीवरून ओरडत खेळायचो. नेमबाजीत मी अगदीच ढ, पण माझे कान तयार होते. समोरचा लाकडावरून चालतोय की दगडावरून, एकटा आहे की दोघं, जिना चढतोय की उतरतोय, हे मला न बघता कळायचं. त्या जुन्या गेममध्ये चित्रं कसली, नुसती ठोकळ्यांची. पण पावलांचा आवाज असा बांधून दिलेला होता की खेळणारा खुर्चीतच मान वळवून मागे बघायचा. हल्लीच्या गेममध्ये इतकं काही वाजत असतं की पाऊल ऐकूच येत नाही. असो.

आपाने कॅफेत येणं शक्य नव्हतं. तिथे सगळी पोरंच, आणि तोंडं तर विचारू नका. पण चाचांनी तिला अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि ती त्यावर वेगळाच गेम खेळायची. सहा शिपाई, एक पडकं गाव, सगळी जमीन चौकोनांत वाटलेली. एक चाल तुमची, एक शत्रूची. प्रत्येक शिपायाला मोजून पावलं, गोळी झाडायची तरी त्यांतलीच खर्च व्हायची. सगळी खर्च केलीत तर शत्रूच्या चालीत तुम्ही नुसते उभे. म्हणून दोन-चार राखून ठेवायची. मेलेला शिपाई कायमचा मेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा गेम म्हणजे गणिताचा पेपर वाटला. एका चालीला आपा दहा-दहा मिनिटं घ्यायची, गालावर पेन्सिल टेकवून. "आपा, मार ना एकदाचं!" मी ओरडायचो. "सब्र कर रे. घाई तुझ्या कॅफेत," ती म्हणायची. एका शिपायाचं नाव तिने हेमू ठेवलं होतं, म्हणजे मी. त्याला ती कायम मागे ठेवायची, मलमपट्टीची पेटी देऊन. "घाबरट आहे, पण लागतो कधीतरी," म्हणायची.

आणि शत्रूची चाल आली की पडदा काळा व्हायचा. काही म्हणता काही दिसायचं नाही. फक्त आवाज. कुठेतरी दार उघडलं. कोणीतरी चार पावलं चाललं. थांबलं. कॅफेत दहा वेळा मरूनही मला कधी भीती वाटली नव्हती तेवढी त्या काळ्या पडद्यासमोर वाटायची, कारण हातात करण्यासारखं काहीच नसायचं. आपा मात्र शांत. "आता आपण फक्त ऐकायचं," ती म्हणायची. माझं आजही ठाम मत आहे की खरी भीती या चालींच्या गेममध्ये असते. धावत असताना माणूस घाबरत नाही, थांबायला लागलं की घाबरतो.

तर झालं असं की विनूदादाला एका सीडीवर त्या बंदुकीच्या गेमचे आपापले नकाशे बनवायचा प्रोग्रॅम सापडला. मला सुचलं, आपला एसटी स्टँडच करूया. पनवेलच्या स्टँडवर पोलीस आणि अतिरेकी, फलाटांमधून पळापळ, कँटीनच्या मागे दबा! विनूदादा खूश. पण नकाशा काढणार कोण? आपाला आर्किटेक्ट व्हायचं होतं; रिकाम्या कागदावर ती लोकांची घरं काढत बसायची. तिने अकरावीची आलेखाची वही काढली, अर्धी कोरी होती. "मी काढते, पण माप तू आण. अंदाजपंचे चालणार नाही." मग मी रोज शाळा सुटली की स्टँडवर जाऊन पावलं मोजायचो. माझी तीन पावलं म्हणजे तिचा एक चौकोन. फलाट, पासाची खिडकी, कँटीन, मुतारी, कोपऱ्यातली पोलीस चौकी. आपा पेन्सिलीने इतकं सुंदर काढायची की वरून पाहिल्यासारखं दिसायचं. मी त्यावर लाल स्केचपेनने गोल काढून सूचना लिहायचो. "इथे गर्दी असते, बी इथे ठेवा." "पोलीस इथून येतील." "कँटीनच्या मागे लपता येतं." माझ्या सुंदर, रोज घोटलेल्या अक्षरात. त्यात काही वावगं आहे हे आम्हा दोघांनाही शिवलं नाही. आमच्यासाठी तो गेम होता, आणि वहीच्या कव्हरवर लेबल होतं: नाझनीन, अकरावी सायन्स, कॉलेजचं नाव, रोल नंबर.

नकाशा जवळजवळ झाला तेव्हा आपा म्हणाली, "तुझ्या मापाने पाच नंबरचा फलाट चौकीच्या आत घुसतो. परत मोज जा." मी वही घेऊन गेलो. बाकावर ठेवली आणि मोजायला लागलो. एकोणतिसाव्या पावलाला समोर उरणची गाडी लागली आणि तीतून बाबा उतरले, नेमके त्या दिवशी लवकर सुटलेले. शाळा सुटल्यावर स्टँडवर भटकायला मला सक्त मनाई होती. मी जो पळालो तो थेट घरी. दूध पिताना आठवलं, वही बाकावरच राहिली. परत गेलो तेव्हा बाकावर एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती आणि वही नव्हती.

त्या वर्षांत मुंबईत कुठे स्फोट झाला की पनवेलला महिनाभर त्याची कळ यायची. स्टँडवर पिशव्या तपासायचे. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी पाटी फलाटाफलाटावर होती. तिचीही जागा मीच मोजून नकाशात घातली होती. त्या पाटीखाली उभा असताना मला पहिल्यांदा आमची वही परक्या माणसाच्या डोळ्यांनी दिसली. लाल गोल. बी इथे ठेवा. इथे गर्दी असते. आणि वर नाव नाझनीन. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो हा की माझं नाव त्यावर कुठेच नाही.

आपाने विचारलं, "मोजलंस?" मी म्हटलं, "हो. वही घरी आहे, उद्या देतो." दुसऱ्या दिवशी म्हटलं, शाळेत राहिली. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. आईला वाटलं पोट बिघडलं, तिने ओवा चघळायला दिला. जिन्यात पाऊल वाजलं की मी मोजायला लागायचो. अठरा, छत्तीस. छत्तिसाला थांबलं, दुसऱ्या मजल्यावरचं कोणी. हुश्श. पुन्हा पाऊल.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी शुद्धलेखनाची सहावी ओळ लिहीत होतो. जिन्यात तीन माणसं. दोघांचे बूट, एकाच्या पायात बाईची चप्पल. अठरा. छत्तीस. छत्तिसाला थांबले नाहीत. चोपन्न. चाचींची बेल वाजली.

मी दाराच्या भिंगाला डोळा लावला. एक साहेब, एक जाडसर हवालदार, एक महिला शिपाई. साहेबांच्या हातात वही. चाची दारात, हात पिठाने भरलेले. "नाझनीन कोण?" साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, चढलेला असता तर बरं वाटलं असतं. आपा बाहेर आली. वही पाहिली. मग तिने एकदा, फक्त एकदा, आमच्या दाराकडे पाहिलं. सरळ भिंगात.

आई मागे येऊन उभी होती. तिने माझं मनगट धरलं. "काय केलंयस तू?" ती कुजबुजली. मी सांगितलं. सगळं, एका दमात. तिची पकड घट्ट झाली. दुसऱ्या हाताने तिने बाबांच्या ऑफिसात फोन लावला. बाबा काय बोलले ते मला ऐकू आलं, ट्रेलरच्या हॉर्नमधूनही: "दार उघडू नकोस. आपण त्यात पडायचं नाही. मी येतो." आईने फोन ठेवला. "ऐकलंस ना? ती मोठी आहे, ती सांगेल काय ते." पण तिचा आवाज तिलाच पटत नव्हता.

बाहेर साहेब म्हणाले, "चौकीवर चला दोघी. फक्त विचारायचं आहे." चाची रडायला लागल्या. "साहेब, हिचे अब्बा इथे नाहीत हो. अल्लाची शपथ, माझी पोर तशी नाही!" आपाने त्यांच्या हातावरचं पीठ आपल्या ओढणीने पुसलं, दाराला कुलूप लावलं. आणि ते सगळे उतरायला लागले. मी भिंगातून बाजूला झालो होतो. डोळे मिटून ऐकत होतो. बूट, चप्पल, चाचींचं मुसमुसणं. आपाची पावलं मी हजारात ओळखली असती. अठरा. आता उघडावं. छत्तीस. आता. चोपन्न. मग जीप सुरू झाली आणि आवाज नाक्याकडे वळून गेला.

जिना रिकामा झाल्यावर मी हाताला हिसडा दिला आणि धावलो. पायांत काही नव्हतं. मागून आई ओरडली, "हेमंत! अरे, थांब!" मी थांबलो नाही. टपाल नाका, रिक्षांची रांग, कोणीतरी शिवी हासडली. स्टँडवरची चौकी म्हणजे एकच खोली. चाची कोपऱ्यातल्या बाकावर, आपा टेबलासमोर ताठ बसलेली. साहेब वहीवर बोट ठेवून विचारत होते, "चित्र तुझं, ठीक. पण हे लाल अक्षर कोणाचं, एवढं सांगायला काय होतंय तुला?"

"माझं आहे," मी म्हटलं. आवाज किड्यामुंगीसारखा आला. पुन्हा म्हटलं. सगळे वळले.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोरा कागद पुढे केला. "लिही. कँटीनच्या मागे लपता येतं." मी पेन धरलं आणि माझा हात असा थरथरायला लागला की ओळ कागदावरून घसरत टेबलावर गेली. अक्षर कसलं, कोंबडीचे पाय. साहेबांनी कागद वहीशेजारी ठेवला. हवालदार वाकून बघत म्हणाला, "नाय साहेब, ह्याचं नाय हाय. कोणीतरी शिकवून धाडलाय पोराला." मला रडू फुटलं. सबंध आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि ते खोटं ठरत होतं. आपाने खाली पाहिलं. तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

तेवढ्यात आई दारात आली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात बाबांची. धापा टाकत होती. तिने पदराआडून माझी शुद्धलेखनाची वही काढली आणि टेबलावर ठेवली. "अक्षर माझ्या मुलाचंच आहे, साहेब. रोज मी समोर बसून लिहून घेते. खाली माझी सही आहे, बघा. आणि हा 'ळ' बघा, असा जिलबीसारखा 'ळ' पनवेलात दुसरा कोणी काढत नाही." साहेबांनी लाल सूचनांमध्ये 'ळ' शोधला. "पळायला जागा इथे." तो होता, जिलबीसारखा. आईने आपाच्या खुर्चीची पाठ धरली. "ही मुलगी आमच्या समोर राहते. हिला मी लहानाची मोठी होताना पाहिलीय. जे काय विचारायचं ते आम्हाला विचारा."

मग हवालदार मला घेऊन विनूदादाच्या कॅफेत गेला. चार नंबरच्या कॉम्प्युटरवर आमचा अर्धवट स्टँड उघडला. काड्यापेट्यांसारख्या बसगाड्या, माणूस एकही नाही. हवालदार पडद्यात नाक खुपसून बराच वेळ बघत राहिला. "आरं तिच्या! ही तर आमची चौकी हाय," तो म्हणाला. "आमी कुठं बसलोय यात?" मी म्हटलं, माणसं अजून घातली नाहीत. परत आल्यावर तो साहेबांना म्हणाला, "गेमच हाय साहेब. पोरांचा येडेपणा." साहेबांनी सगळ्यांचे जबाब लिहून घेतले, विनूदादाला बोलावून दम दिला आणि वही माझ्या हातात दिली. "मुलांनो, कागदावर काय लिहितो याचं भान ठेवा," एवढंच ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता.

बाहेर आलो तेव्हा उजेड होता. आई आणि चाची पुढे चालल्या होत्या, एकमेकींशी न बोलता. मी वही आपापुढे धरली. तिने घेतली नाही.

"साहेब तीनदा विचारत होते, अक्षर कोणाचं," ती म्हणाली. "मी नाव नाही सांगितलं."

"का?"

"तुझी चाल होती ना." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "पण खूप वेळ घेतलास रे हेमू."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. मी नुसता वही छातीशी धरून मागून चालत राहिलो.

बाबांनी त्या दिवशी मला मारलं नाही. ते जेवलेच नाहीत. चाचांचा कुवेतहून फोन आला आणि आपाचा कॉम्प्युटर खोक्यात गेला. आईने दुसऱ्या दिवशी शिरा करून चाचींचा डबा भरून पाठवला. संध्याकाळी डबा आमच्या दाराशी परत आला, घासून पुसून लख्ख, आणि रिकामा. आई कितीतरी वेळ झाकण उघडं धरून ओट्याशी उभी होती, आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. परीक्षेनंतर त्या दोघी उरणला चाचींच्या माहेरी राहायला गेल्या. जाताना आपाने मला हात केला, हेही खरं. ती आर्किटेक्ट झाली का, मला ठाऊक नाही. शोधायचा धीर मला झालेला नाही.

वही माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी ती मुलीला दाखवली आणि हे सगळं सांगितलं. कधी नव्हे ते तिने कानांतले इअरफोन काढून ठेवले होते. नकाशावरून बोट फिरवत ती पाच नंबरच्या फलाटापाशी थांबली. तो अजून चौकीत घुसलेलाच आहे. "बाबा," ती म्हणाली, "दारामागे तुम्ही किती वेळ थांबला होतात?"

"चोपन्न पायऱ्या," मी म्हटलं. "आणि जीप नाक्यावरून वळेपर्यंत."